नव्वदातली एक काडी

काडीबाईंनी एकटीने जितक्या काड्या ओढल्या असतील तितक्या सबंध गल्लीने मिळून ओढल्या नसतील. काडीपेटीच्या कारखान्यात त्यांचं काम एकच: प्रत्येक लॉटमधल्या थोड्या काड्या काढायच्या, ओढायच्या आणि नीट पेटल्या की लॉटवर ‘पास’चा शिक्का मारायचा. तपासलेली काडी अर्थातच संपायची. लोक विकत नेत त्या सगळ्या न तपासलेल्या. लोकांच्या हे लक्षात येत नाही म्हणून आपला पगार चालू आहे, असं काडीबाईंचा नवरा म्हणे. तो तिथेच पेट्यांवर लेबलं चिकटवायचा.

एकोणचाळिसाव्या वर्षी, सासूबाईंनी विषय काढणंही सोडून दिल्यावर, काडीबाईंना दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, “बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता नव्वदात एक आहे. हा अंदाज आहे हं, निदान नव्हे.” तेवढ्यात आतून कोणाला तरी कळा सुरू झाल्याची हाक आली. “बाकीचं पुढच्या भेटीत,” म्हणत त्या धावल्या.

“नव्वदात एक? मग लॉट पास,” घरी आल्यावर नवरा म्हणाला.

“पास काय पास!” सासूबाई कडाडल्या. “ती एक कुठली, ते नको बघायला?”

काडीबाईंना हे पटलं. कामाची सवय. त्यांनी कारखान्याच्या दोन पेट्या टेबलावर ओतल्या, नव्वद काड्या मोजून घेतल्या आणि ओढायला सुरुवात केली. घर धुराने भरलं, सासूबाईंना ठसका लागला, पण कोणी जागचं हललं नाही. नव्वदच्या नव्वद काड्या झकास पेटल्या.

“मग खराब कुठाय?” नवऱ्याने विचारलं.

तिघांनी एकदमच काडीबाईंच्या पोटाकडे पाहिलं.

“उरलेल्या ओढ!” सासूबाईंचा आवाज चिरकला. “अगं बघतेस काय, ओढ!”

उरलेल्यांतली तिसरी फुसकन विझली आणि घरात जल्लोष झाला. नवऱ्याने टाळ्या पिटल्या. सासूबाईंनी ती काळी काडी चिमट्याने उचलून दाराबाहेर टाकली. “गेली एकदाची पीडा!” त्या भरात आणखी ओढता ओढता शेवटी एकच काडी उरली. ती ओढायला मात्र कोणाचा हात धजेना. सासूबाईंनी ती पेटीत घालून फळीवर ठेवली, धक्का लागणार नाही अशी.

पुढच्या भेटीला तिघंही गेली. हे सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत चष्मा काढून पुसला.

“आजी, हा रिपोर्ट नव्वद बायकांना आला असं समजा. त्यांतल्या साधारण एकीच्या बाळाला तो त्रास असतो. तुमच्या टेबलावरच्या काड्यांना तुमच्या नातवंडाची काय खबर?”

“पण एक विझली ना!”

“विझू दे. सूनबाईंकडे लॉट नाहीये, एकच बाळ आहे.”

काडीबाईंनी पदर आवळला. “मग पक्कं कसं कळणार?”

“सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुई घालायची, बाळाभोवतीचं थोडं पाणी काढायचं. त्यात बाळाच्या पेशी असतात.”

“आणि तपासल्यावर...” काडीबाईंनी पोटावर हात ठेवला. “ते उरतं ना?”

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. “उरतं. बाळाला हात लागत नाही. पण खोटं नाही सांगणार, क्वचित सुईमुळे गर्भ पडतो. शंभरात एकीपेक्षाही कमी. ते नको असेल तर तुमच्याच रक्ताची आणखी एक तपासणी आहे. जास्त भरवशाची, पण तोही अंदाजच. किंवा काहीच करू नका. सक्ती कसलीच नाही.”

“शंभरात एक!” नवरा पुटपुटला. “आता शंभर आणू का?”

“तुम्ही गप्प बसा हो,” काडीबाई म्हणाल्या. मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. “सुईच करा. असलं तर असलं, मी त्याच्या तयारीला लागेन. पण अंदाजावर मला झोप लागत नाही.”

सुईनंतर दोन दिवस त्या पलंगावर अशा निजल्या की श्वाससुद्धा हळू घेत होत्या. कोणी काडी ओढली की दचकायच्या. सासूबाई शेजारणीच्या चुलीवरून चहा करून आणू लागल्या.

काही झालं नाही. पुढे रिपोर्ट आला. “डाऊन सिंड्रोम नाही,” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. “जे शोधलं ते सापडलं नाही, एवढाच याचा अर्थ. बाकी सगळ्याची हमी कुठलीच तपासणी देत नाही.”

सासूबाई डोळे पुसत उठल्या. चहाला म्हणून त्यांनी फळीवरची पेटी काढली आणि ती शेवटची काडी थाटात ओढली.

फुस्स.

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. सासूबाईंचा हात तसाच हवेत. दोघंही पोटाकडे बघणार, एवढ्यात काडीबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

“आई, ती काडी आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरी पेटी काढा. आणि इकडे बघायचं नाही.”

“मी कुठे बघतेय?” सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.