पवनचक्कीखालचं सकाळचं शूट

प्रणाली पडली तेव्हा मी कॅमेऱ्यातून बघत होतो. ती आधी गुडघ्यांवर आली, मग गाऊनच्या घोळात बसली. मला वाटलं पोज देतेय. खोटं कशाला बोलू, मी आणखी दोन फोटो काढले.

मग तिचे हात वळले. मनगटं आत, बोटं एकमेकांना चिकटलेली, डोळे अर्धे उघडे. नवरदेवाची आत्या किंचाळली, "अगं बया, फिट आली की पोरीला!" आणि पायातली चप्पल काढून तिने प्रणालीच्या नाकाला लावली.

आमच्याकडे फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवतात. उपयोग शून्य. पण एकदा चारचौघांत चप्पल नाकाला लागली की निदान तिथेच झालं. मग डॉक्टर काही का म्हणेना.

मी बीडमध्ये वीस-बावीस वर्षं फोटोग्राफी करतो. हल्ली निम्मं काम प्री-वेडिंगचं असतं. म्हणजे लग्नाआधी नवरदेव-नवरी कुठेतरी जाऊन हसतात, फिरतात, हातात हात घालून पळतात, आम्ही ते शूट करतो आणि लग्नात मोठ्या स्क्रीनवर पाहुण्यांना दाखवतात. लग्नं मे महिन्यात, त्यामुळे शूटही एप्रिल-मेमध्येच. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत नऊनंतर दगडावर हात ठेवून दाखवा.

म्हणून उन्हाळ्यातल्या शूटचं प्लॅनिंग हा माझा अभिमानाचा विषय होता. इतर फोटोग्राफर मला फोन करून विचारायचे. पहाटे लोकेशनवर पोचायचं. सूर्य उगवल्यानंतरच्या तासाभराला आम्ही गोल्डन अवर म्हणतो. तेव्हा ऊन तिरपं आणि मऊ असतं, चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत, डोळे बारीक करावे लागत नाहीत. साडेआठला पॅकअप. रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड फेकणारी चंदेरी चकती, उन्हाळ्यात कमी वापरायची, कारण ती उजेडाबरोबर झळही फेकते. गाडीत बर्फाची पेटी, पाण्याच्या दोन डझन बाटल्या, ग्लुकोज, ओले पंचे, दोन मोठ्या छत्र्या. यादी लॅमिनेट करून डॅशबोर्डला लावलेली होती. एवढा मी शहाणा.

प्रणाली तेलगावकडच्या एका शाळेत गणित शिकवायची. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. नवरदेव सुमेध पुण्यात नोकरीला, त्याचे वडील निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणत. मी म्हणालो होतो, कपिलधारला जाऊ, झाडं आहेत, माणसांची ये-जा आहे, सगळी सोय आहे. सुमेध म्हणाला, "तिथं समदेच काढतात, दादा. आन् धबधब्याला आता पाणी कुठं हाय? आपण पवनचक्क्यांपाशी काढू." मीही मान डोलावली. माळावर पवनचक्क्या भारी दिसतात. चारी बाजूंनी मोकळं, एक झाड मध्ये येत नाही, ड्रोनला रान मोकळं.

एक झाड नाही. हे मी तेव्हा चांगलं म्हणून मोजलं.

आम्ही सातजण होतो. सुमेध, त्याचे दोन मित्र, त्याची आत्या, प्रणाली, तिच्यासोबत आलेली तिची मावशी आणि मी. प्रणाली पहाटे साडेतीनलाच पार्लरमध्ये बसली होती. सव्वासहाला पहिला फोटो काढला. निळी साडी, कोवळं ऊन, मागे पवनचक्कीचं पातं. पोरगी मनापासून हसत होती. मी खूश.

मग नेहमीप्रमाणे घोळ सुरू झाला. साडी बदलायला गाडीला चादरी लावल्या, त्यात अर्धा तास गेला. आत्याला जोडप्यासोबत स्वतःचे फोटो हवे होते, ते काढले. मित्रांनी रंगीत धुराच्या नळकांड्या आणल्या होत्या, त्या पेटेनात. साडेआठ वाजले. मी पॅकअप म्हणायला हवं होतं. पण तिसरा ड्रेस बाकी होता, लांब शेपटीचा लाल गाऊन. तो वाऱ्यावर उडताना वरून काढला की लोक थेट माझा नंबर मागतात. लोभ सुटला, दुसरं काय! मी म्हणालो, "एकच शॉट." तो एकच शॉट मी ड्रोनने पाच वेळा घेतला, मग खालून कॅमेराही उचलला.

मधे मधे मी सगळ्यांना बाटल्या वाटत होतो. प्रणाली दरवेळी बाटली घ्यायची, हातात धरायची आणि मावशीकडे द्यायची. मी चेष्टा केली, "लिपस्टिक जपायलीस काय गं? पी की, परत लावता येती." ती हसली. म्हणाली, "पिते दादा, एवढं झालं की." मी काही लक्ष दिलं नाही. आम्ही पुरुष तोवर त्याच पवनचक्कीच्या जाड खांबामागे दोन-दोनदा जाऊन आलो होतो.

सव्वानऊला ती पडली.

ओले पंचे टाकले, छत्री धरली, गाडीचा एसी लावून तिला हायवेवरच्या एका दवाखान्यात नेलं. मीच गाडी चालवली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बाहेर येऊन स्वच्छ सांगितलं, "फिट नाही. अंगातलं पाणी, मीठ संपलं, त्यात ऊन. गोळे आले म्हणून हात वळले. कधीपासून पाणी प्यायली नव्हती ही?"

आत्या पुटपुटली, "डॉक्टर काय, पेशंटच्या माणसांसमोर असंच म्हणत्यात."

कॉरिडॉरच्या टोकाला मावशीने मला गाठलं. बाई शांत स्वभावाची, पण तेव्हा तिने माझी वाटच अडवली. "रातच्याला जेवली तवापासून थेंब न्हाई घेतला तिनं."

"कावून? पेटीभर पाणी होतं की!"

"आन् प्यायल्यावर जायचं कुठं? त्या उघड्या माळावर? सासरची माणसं समोर, वर तुमचं ते भिरभिरं फिरायलंय. मी बी न्हाई प्यायले. आमाला कोरडंच ऱ्हायची सवय हाय, पर तिनं त्यो चार किलोचा झगा घालून पळायचं होतं."

वीस वर्षांत शेकडो नवऱ्या मी उन्हात उभ्या केल्या. लिपस्टिकच्या नावाने किती जणींची चेष्टा केली असेल, देव जाणे. माझ्या यादीत ड्रोनच्या बॅटरीला सावलीत ठेवायचं लिहिलेलं होतं.

एवढ्यात सर आले. सुमेधचे वडील. आत्याने त्यांना फोनवर काय सांगितलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी आत जाऊन मुलीला बघितलं, डॉक्टरांशी बोलले आणि सरळ माझ्याकडे आले.

"जयभीम. तुम्ही बाहेरचे माणूस आहात. समोर होतात. आमच्यातले सगळे आपापल्या बाजूने बोलणार. तुम्ही सांगा, नेमकं काय झालं?"

पाच मिनिटांपूर्वी मला सगळं कळलं होतं. दोन वाक्यं बोलायची होती. पण होणाऱ्या सासऱ्यासमोर मुलीच्या लघवीचा विषय काढायचा? जीभ उचलेना. आणि ही झाली सांगायची लाज. तिच्याखाली दुसरी गोष्ट होती. ती दोन वाक्यं बोललो असतो तर तिसरं आपोआप आलं असतं, की जागेला हो मी म्हणालो, साडेआठचं सव्वानऊ मी केलं. माझं नाव, माझा धंदा.

मी म्हणालो, "मी कॅमेऱ्यात बघत होतो सर. ऊन लागलं असेल. मला काय कळतंय त्यातलं?"

सर "बरं" म्हणाले आणि गेले.

आठवड्याभराने सुमेधच्या घरून निरोप गेला की मुलाला कंपनीत नवीन जबाबदारी दिली आहे, यंदा लग्न जमणार नाही, तुम्ही मुलीसाठी दुसरीकडे बघा. फिटचा उच्चार कुणी केला नाही. करायची गरजही नव्हती. तोवर बीडपासून तेलगावपर्यंत पाहुण्यांत ते पोचलं होतं, आणि विहारात ठरलेली तारीख रद्द झाली होती.

प्रणालीचे वडील माझ्या स्टुडिओत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मावशीनं मला समदं सांगितलं. पर आमी सांगितलं तर म्हणत्यात, पोरीकडचे हाय, सारवासारव करायलेत. तुमी चला. तुमी सांगितलं तर ऐकतील."

गेलो. सरांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. पाणी का प्यायली नाही, जागा कशी होती, उशीर कुणामुळे झाला. लघवी हा शब्दसुद्धा उच्चारला. काही आभाळ कोसळलं नाही.

सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "हेच तुम्हाला मी दवाखान्यात विचारलं होतं. सगळ्यात आधी तुम्हालाच. तेव्हा म्हणालात, मला काय कळतंय. आता पंधरा दिवसांनी मुलीच्या वडिलांबरोबर येऊन तुम्हाला कळायला लागलं. मी काय समजू?"

"सर, तेव्हा मला लाज..."

"असेल. पण मी घरात काय सांगू? फोटोवाल्याला लाज वाटत होती?"

सुमेध आतल्या दारात उभा होता. एक अक्षर बोलला नाही. इतकी चीड आली मला त्याची! ज्याच्याशी ती जन्म काढणार होती, तो तिच्यापासून दहा फुटांवर होता तेव्हा. मग लक्षात आलं की दहा फुटांवर मीही होतो, आणि गप्प मीही बसलो होतो.

परत येताना तिच्या वडिलांनी गाडीवर मागून एवढंच म्हटलं, "आलात, लई झालं." ते वाक्य मला आजही टोचतं.

जून संपत आला तेव्हा प्रणाली स्वतः स्टुडिओत आली. तब्येत बरी होती. तिला त्या दिवशीचा एक फोटो हवा होता, निळ्या साडीतला, पण एकटीचा. बायोडाटासाठी. मी म्हणालो, नवीन काढून देतो. म्हणाली, "नको. त्यात मी चांगली दिसते."

ती समोर बसली होती आणि मी कॉम्प्युटरवर सुमेधला कापत होतो. तो कापला गेला, पण त्याची चार बोटं तिच्या खांद्यावर राहिली. ती एकेक करून पुसली, साडीचा काठ परत जोडला. पाऊण तास लागला. तेवढ्यात मी धीर केला आणि म्हणालो, "पोरी, माझं चुकलं. मी त्या दिवशी तुला नीट विचारायला पाहिजे होतं."

तिने जरा विचार केला. गणिताची मास्तरीण ती, उत्तर तपासूनच देणार. "तुम्ही विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं दादा. तुम्हाला कसं सांगणार? मावशीला विचारायचं. ती सकाळपासून तुमच्या बाजूलाच तर उभी होती."

फोटो घेऊन ती गेली. त्यानंतर दोन स्थळं येऊन गेल्याचं कानावर आलं. दोघांनीही दवाखान्याची चौकशी केली म्हणतात.

आता मी उन्हाळ्यातलं शूट ठरवताना लोकेशन बघायच्या आधी सोबत कोणती बाई येणार ते विचारतो, तिचा नंबर घेतो आणि बायकांच्या जाण्यायेण्याच्या सोयीचं माझ्या बायकोला तिच्याशी बोलायला लावतो. दोन मिनिटांचं काम आहे.