पाहुण्यांपुरता ऑटो

महाडच्या एमआयडीसीत, वापरलेलं सॉल्व्हंट उकळून शुद्ध करणाऱ्या एका कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागले. उमरठच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. कायम होण्यासाठी साहेबांची अट साधी होती: डिस्टिलेशन कॉलमचं तापमान ऑटोवर, म्हणजे कुणी हात न लावता, स्थिर ठेवून दाखव.

ऑटो होता तसा. फक्त तो घरातल्या चांगल्या कपबशांसारखा पाहुण्यांसाठी राखलेला. मुंबईचं गिऱ्हाईक आलं की सगळे कंट्रोलर ऑटोवर, ते जेवायला गेलं की मॅन्युअलवर. मग ऑपरेटर काका वाफेचा व्हॉल्व्ह हाताने कमीजास्त करत बसायचे.

"ऑटो पिसाळतो गो," ते म्हणाले.

खरं होतं. तापमान जरा घसरलं की कंट्रोलर घाबरून व्हॉल्व्ह सताड उघडायचा. कॉलम तापायला वेळ लागतो, तेवढा धीर त्याला नव्हता. मग तापमान भलतंच वर, व्हॉल्व्ह बंद, तापमान खाली. पडद्यावरचा आलेख म्हणजे आंबेनळी घाट.

मी, मला वाटतं, फार काही केलं नाही. त्याच्या प्रतिसादाचा जोर थोडा कमी करायचा, कॉलम शांत होईपर्यंत थांबायचं, आलेख बघायचा, पुन्हा थोडा कमी करायचा.

"कॉलेजात हेच शिकवतात काय, बघत बसायला?" काकांनी विचारलं.

"हो काका." खोटं नव्हतं.

एका दुपारी रेघ सरळ झाली. साहेबांनी ती पाहिली आणि ताबडतोब तापमापक बिघडल्याची तक्रार केली. इन्स्ट्रुमेंटवाला येऊन तपासून गेला. तापमापक ठणठणीत.

"व्हॉल्व्हला हात लावलात?" साहेबांनी काकांना विचारलं.

"नाय साहेब. हात शिवशिवतोय, पन हिनं शपथ घातलीय."

साहेब खूश झाले. इतके की मला म्हणाले, "आता आपोआप चालतंय, मग तुझं काय काम?"

म्हणजे काम संपलं, असं मी समजले. डबा आवरून मी पोलादपूरची एसटी धरली.

सकाळी काकांचा फोन. "ये गो परत. रातपाळीला वाटलं, पाहुनं गेलं नि ऑटो तसाच ऱ्हायला. टाकला मॅन्युअलवर. घाट सुरू हाय."

साहेबांनी मला कायम केलं. हुद्दा कंट्रोल इंजिनिअर. काम: ऑटोला कुणी हात लावू नये म्हणून पाळीभर त्याच्यासमोर बसणं.

आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे राखणीला ठेवलंय तुला."