कच्चा डोळा

चहा ओता, सांगतो. पण मध्येच कोणी ‘अरेरे’ केलं तर कप तिथंच ठेवून उठेन. माझ्या मूर्खपणाला हसायचं तेवढं हसा. अरेरे नको.

वाशीमच्या वेशीबाहेर आमचं बागाईत. वांगी, कोहळे, पपई, पेरू. घरात देवापेक्षा मोठा अंगठा! फळ दाबायचं. कडक लागलं की कच्चं, राहू द्यायचं. मऊ आलं की तोडायचं. हे शास्त्र मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाचं. बाप लवकर मेला. तेव्हापासून आमच्याकडं दोनच गोष्टी चालायच्या, मोटेचे बैल आणि मोठेबाबांचं तोंड. बैल निदान दुपारी थांबत.

मी इंग्रजी शाळा अर्धवट सोडलेली. मास्तरनं छडी उगारली, मी ती मोडली, शिक्षण संपलं. पण घरात मीच ‘शिकलेला’!

तर मायचा उजवा डोळा दुखू लागला. डोकं फुटेल असं दुखणं, वर उलट्या. दिव्याभोवती तिला रंगीत कडं दिसायचं. मोठेबाबांनी ऐकलं आणि चक्क हात जोडले.

“देवीचं तेज होय थे! नशीबवान आहे बाई.”

माय भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नसे. पदर ओढून माझ्याशी बोलायची, ऐकू त्यांना जायचं. “सांग त्याईले, थे तेज तुमीच घ्या. मले डागदराकडे न्या म्हणा.”

“मोतीबिंदू असन,” मोठेबाबा म्हणाले. “पिकू द्या लागते. कच्च्याले डागदर हात लावत नाही.”

आता पिकला की नाही हे ठरवायचं कोणी? गप्प बसलो असतो तर माझं काय गेलं असतं? पण नाही! मायला डोळे मिटायला लावले आणि पापणीवरून अंगठा दाबला.

“कसा लागते?” मोठेबाबांनी विचारलं.

“हिरव्या पेरूसारखा. कच्चा आहे.”

“पाह्य! शाळेत पोरगं वाया नाही गेलं!”

झालं. बाजाराच्या आदल्या दिवशी मी पेरू दाबायचो, मग पपया, मग मायचा डोळा. दरवेळी कडक. दरवेळी “अजून थांब.” गल्लीत बातमी गेली. म्हाताऱ्या माझ्यापुढं डोळे मिटून ओळीनं बसू लागल्या. त्यांचे डोळे मऊ लागायचे! मी ऐटीत सांगायचो, “पिकला. जा अकोल्याला.”

शेजारची बनामावशी खरंच गेली. डॉक्टरनं तिला हाकलून दिलं. म्हणाला, डोळा ठणठणीत आहे, कोणत्या गाढवानं पाठवलं?

मायनं हे ऐकलं तेव्हा तिचा उजवा डोळा पुरता विझला होता आणि डाव्यालाही कडं दिसू लागलं होतं. तिनं भाकरी बांधल्या. “जिचा चांगला थे तपासून आली, अन् मी इथं पिकून राह्यली! चाल स्टेशनावर.” मोठेबाबांना तिनं विचारलंही नाही.

अकोल्याच्या डॉक्टरनं मायचे डोळे मिटवले आणि दोन बोटांनी हळूच दाबले. अगदी आमच्यासारखं! माझी छाती फुगली.

“दगड झालाय हा. कधीपासून?”

“साहेब, मी पण दाबून पाहत होतो. कडक होता म्हणून थांबलो.”

“कडक होता म्हणून थांबलास?”

“हो. कच्चा होता ना.”

डॉक्टरनं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. “अरे, कडक होता म्हणूनच पळत यायचं होतं! हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यात पाणी तुंबलंय.”

“पाट तुंबल्यावानी, जी?” मायनं विचारलं.

“तसंच, बाई. बारीक भोक पाडून त्याला वाट करून देतो. पण उजवा गेला. डाव्यात उरलंय तेवढंच राखता येईल. गेलेलं परत येत नाही.”

ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी मोठेबाबा पेरूंची टोपली घेऊन हजर! आल्याआल्या डॉक्टरला म्हणाले, “मी तं आंधीच म्हणत होतो, डागदराकडे न्या. या पोट्ट्यानं चुकीचं दाबलं.”

चुकीचं? डॉक्टरच्या बोटांना लागलं तेच माझ्या अंगठ्याला लागलं होतं! अर्थ तेवढा मोठेबाबांचा घेतला होता. वय वाढलं की अक्कल येते म्हणणाऱ्यांना ही टोपली फेकून मारावीशी वाटली.

शेजारच्या खाटेवर मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्याची पट्टी सुटली. बायकोला पाहून तो ढसाढसा रडला. “आपल्या बाईलेबी दिसन आता,” मोठेबाबा म्हणाले. डॉक्टरचं सगळं ऐकूनही मलाही तसंच वाटत होतं, हे कोणाला सांगू नका.

मायची पट्टी सुटली. नळकांड्यातून पाहावं तशी तिनं मान हळूहळू फिरवली.

“दिसते का, बाई?” बाजूनं मोठेबाबा.

जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलली. “तुमचा आवाज येते. तुमी नाही दिसत. बरं आहे.”

मी समोर वाकलो. “अन् मी, माय?”

तिनं अंगठा आणि बोट जुळवून पेरूएवढं भोक करून दाखवलं. “एवढंच राह्यलं पाह्य. अन् त्यातबी तुह्यंच थोबाड! सरक, खिडकी पाहू दे.”