लाल जमिनीवरचे ओरखडे

डमडमचं घर सोडायचं ठरलं, तेव्हा नवऱ्याला जाऊन चार महिने होत आले होते. तो बँकेत होता, बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो होतो, आणि पुढे मुलीची शाळा बदलायला नको म्हणून तिथेच राहून गेलो. आता तो नव्हता. मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला होता, माझी बहीणही तिथेच राहते. मागे राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घर जुनं, दुमजली. वर आम्ही, खाली घरमालक एकटे. त्यांची बायको आम्ही यायच्या आधीच गेलेली, मुलगा गुरगावला नोकरीला. मुलगी त्यांना पहिल्यापासून मेशोमोशाय म्हणायची, म्हणजे मावशीचे यजमान. मग आम्हीही तेच म्हणू लागलो. ते मला बौमा म्हणत, सूनबाई. संध्याकाळी ते वर येत आणि नवऱ्याबरोबर गॅलरीत चहा घेत बसत. विमान डोक्यावरून गेलं की दोघं बोलणं थांबवायचे आणि ते गेलं की अडलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायचे.

नवऱ्याला पॅरॅलिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, त्याबरोबर बोलणंही गेलं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर घर त्याच्या बेतानं करून घ्यावं लागलं. न्हाणीघरात धरायला स्टीलच्या दांड्या बसवल्या. चाकाची खुर्ची आत जाईना, म्हणून तिथलं दार काढून पडदा लावला. मोठ्या खोलीत लोखंडी पलंग आणला. त्या काळात मेशोमोशाय सकाळीही यायला लागले. बंगाली वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे. नवऱ्याला बंगाली अर्धंमुर्धंच यायचं, पण तो ऐकत राहायचा. मधेच डावा हात उचलायचा. मेशोमोशाय म्हणायचे, "बरोबर, मलाही हे पटलेलं नाही."

असं दीड वर्ष चाललं.

सामान बांधून झालं त्या दिवशी ते घर बघायला वर आले. हातात मोबाईल होता आणि त्यावर व्हिडिओ कॉलवर त्यांचा मुलगा होता. पूर्वी दुर्गापूजेला घरी आला की तो मला बौदी म्हणायचा, वहिनी. त्या दिवशी म्हणाला, "नमस्ते मॅडम. पापा, पहिल्यांदा बाथरूम दाखवा."

मेशोमोशायनी फोन भिंतीसमोर धरला. दांड्या काढल्या होत्या, तिथे भोकं राहिली होती आणि दोन फरशा तडकल्या होत्या. मग दार नसलेली चौकट दाखवली. मग मोठी खोली. कोलकात्याच्या जुन्या घरांत असते तशी लाल सिमेंटची जमीन होती, कडेनं काळा पट्टा, आरशासारखी गुळगुळीत. पलंग होता तिथे चार खोल खड्डे पडले होते. चाकाच्या खुर्चीचा ओरखडा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत गेला होता, एका बाजूला जास्त, कारण खुर्ची तिकडे झुकायची.

"आणखी जवळून," मुलगा म्हणाला. मेशोमोशाय गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले.

त्यानं तिथल्या तिथे सांगितलं. फरशा, दार, रंग आणि जमीन. हे सगळं नुकसान धरलं, तर अनामत रकमेतून परत देण्यासारखं फारसं काही राहत नाही. बोलताना त्यानं आवाज चढवला नाही. मी त्या ओरखड्याकडे बघत उभी होते. रोज किती वेळा ती खुर्ची मी त्यावरून ढकलली होती. त्या घरात नवऱ्याचं म्हणावं असं तेवढंच राहिलं होतं, आणि त्याचं नाव आता नुकसान होतं.

मुलगी भांडली. ती तिथेच वाढलेली, तिचं मराठी जरा अडखळतं, पण भांडण बंगालीत असलं की तिचा हात कुणी धरू शकत नाही. "दांड्या तुम्हाला विचारून लावल्या होत्या," ती मेशोमोशायना म्हणाली. "मिस्त्री तुम्हीच पाठवला होता. दार तुमच्या समोर काढलं. ते माळ्यावर आहे, आम्ही उद्या बसवून देतो."

मेशोमोशाय हातातल्या फोनकडे बघत राहिले. फोनमधून मुलगा म्हणाला, "लेखी परवानगी आहे का?"

"माझे बाबा आजारी होते," ती म्हणाली. मग ती गॅलरीत निघून गेली.

ते पैसे मला हवे होते. आजारपणात साठलेलं सगळं गेलं होतं आणि पुण्यात मुलीची फी भरायची होती. पण पैशांपेक्षाही मला त्या वाकलेल्या पाठीचा राग आला होता. मुलाला दाखवायला ते खाली वाकले, त्याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच खाली गेले. ते बनियनवर पंख्याखाली बसले होते. मला बघून घाईघाईनं सदरा चढवला.

"चहा करू?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. त्यांच्या घरी चहाला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं. "मेशोमोशाय, दांड्यांना तुम्ही हो म्हणाला होता की नाही?"

"म्हणालो होतो."

"मग काल का नाही सांगितलं?"

ते सदऱ्याची बटणं लावायला लागले. "तुमची अनामत त्याच्या खात्यात आहे, बौमा. घराचं सगळं तोच बघतो. माझी औषधंही तोच पाठवतो. त्याच्यासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही." मग म्हणाले, "फरशा, दार आणि रंग सोडायला लावतो मी. आज बोलतो."

"आणि जमीन?"

"जमिनीचं त्याला मीच सांगितलं."

मला हे अपेक्षित नव्हतं. 

"ती माझ्या वडिलांनी करून घेतलेली," ते म्हणाले. "माझी आई रोज नारळाच्या काथ्यानं घासायची. नंतर माझी बायको. लक्ष्मीपूजेला त्याच खोलीत अल्पना काढायची, तांदळाच्या पिठाची रांगोळी, दारापासून आतपर्यंत पावलं. पलंग आणलात तेव्हा मी मनात म्हटलं, खाली गोणपाट घालायला सांगावं. पण तुझ्या नवऱ्याला वर आणत होते तेव्हा. तेव्हा कसं सांगणार?"

"अशी जमीन पुन्हा करणारा कारागीर मिळेल आता?" मी विचारलं.

"नाही. कुणीच उरलेलं नाही."

"मग पैसे कशाचे घेता?"

 ते अगदी हळू म्हणाले, "मला माहीत नाही."

मी आणखी बोलू शकले असते. तयारी करून आले होते. पण समोर बायको गेलेला म्हातारा माणूस बसला होता, आणि त्याला जे परत हवं होतं ते माझ्याकडे नव्हतं. मला जे हवं होतं तेही त्याच्याकडे नव्हतं. तरी मी त्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. जिना मी रागानंच चढले.

त्यांनी शब्द पाळला. दोन दिवसांनी पैसे जमा झाले, जमिनीचे कापून. कापलेले पैसे कमी नव्हते. मुलगी म्हणाली, तक्रार करू, नोटीस पाठवू, तिच्या मैत्रिणीचे वडील वकील आहेत. मी म्हटलं, "राहू दे."

"तू हरलीस, आई," ती म्हणाली. मी वाद घातला नाही.

हावड्याला जायला गाडी आली तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. किल्ल्या घेतल्या. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती पटकन गाडीत जाऊन बसली. आपल्याकडे निघताना "येते" म्हणतात, बंगालीतही तसंच म्हणतात. मी म्हटलं, "आम्ही जातो." त्यांनी मान हलवली.

पुण्यात मनाशी ठरवलं होतं की त्यांचा फोन आला तर घ्यायचा नाही. पूजा संपल्यावर, लोक एकमेकांना विजयेचे नमस्कार कळवतात त्या दिवसांत, त्यांचा फोन आला. वाजत राहिला, आणि मी घेतला.

"शुभो बिजोया, बौमा," ते म्हणाले. मी फोनवरच नमस्कार सांगितला. त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलीच्या अभ्यासाची केली. नवा भाडेकरू ठेवलेला नाही म्हणाले. वरून चालण्याचा आवाज येत नाही, त्यामुळे झोप लागत नाही. मी विचारलं, वर्तमानपत्र अजून घेता का? घेतो, म्हणाले, पण वाचलं जात नाही. मग तिकडच्या पावसाचं बोलले, अजून थांबलेला नाही म्हणाले.

मुलीला सुट्टी होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "पैशांचं काही बोलले?"

"नाही."

"मग काय बोलले?"

"तिकडे अजून पाऊस थांबलेला नाही म्हणाले," मी सांगितलं आणि कणीक मळायला घेतली.