झील कोण धरणार

त्या शनिवारी दुपारी मी बाबांना गाण्याला नेलं ते गोडीगुलाबीने नाही, चांगलं भांडून. तीन महिन्यांसाठी त्यांना माझ्याकडे, जर्मनीत न्युरेम्बर्गला आणलं होतं, आणि दोन महिने ते खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतलं कोण कुठल्या डब्यात कचरा टाकतं, एवढंच बघत होते. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

बाबा रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, पण त्यांची खरी ओळख जलशातली. चाळीस वर्षं जयंतीला, विहारात, कुणाकुणाच्या लग्नात डफ बाबांच्या हातात आणि मागे आईची झील. बाबांनी ओळ टाकायची, आणि तिचा शेवटचा सूर आईने उंच धरून ठेवायचा, बाबांचा दम भरून होईपर्यंत. आई गेली तसा डफ पिशवीत गेला. वस्तीतल्या एका मुलीने नवी गायनपार्टी काढली होती. ती रविवारी येईल तेव्हा तिला डफ देऊन टाक, असं बाबांनी तिकडे घरी माझ्या धाकट्या भावाला फोनवर परस्पर सांगूनही टाकलं. मला कळलं तेव्हा मी कडाकडा भांडले. बाबा म्हणाले, "झील कोण धरणार? तू?" माझा आवाज फाटक्या भोंग्यासारखा, हे आख्ख्या खानदानाला ठाऊक.

पण मी हार मानली नाही. सहाराच्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा एक गाण्याचा संच गावात येणार होता, त्याची तीन तिकिटं काढली. "मला त्यातलं काय कळणार?" बाबा म्हणाले. "मला तरी कुठे कळतंय? उठा!" मी म्हटलं. माझी दहा वर्षांची लेकही कुरकुरत निघाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

जुन्या कारखान्याचा हॉल होता. बाहेर रिपरिप, आत ओल्या कोटांचा वास. स्टेजवर सतरंजीवर दोन पुरुष आणि तीन बाया बसल्या होत्या. पुरुषांनी निळे फेटे तोंडावरूनही गुंडाळले होते. मधोमध एक लाकडी भांडं, त्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"अगं, ते उखळ आहे."

"काहीतरीच काय, बाबा!"

तेवढ्यात त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने पाण्याचा ग्लास उचलला आणि सरळ त्या कातड्यावर ओतला. बाबा ताडकन उभे राहिले.

"अहो बाई! पाणी काय ओतताय! मेलं ना ते कातडं! शेकायचं असतं त्याला!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. इथली माणसं मैफलीत खोकतातसुद्धा दबकून. लेक लाजून खुर्चीत खाली खाली सरकत गेली. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण बाबा तरी काय करणार? डफ वाजवणारा माणूस ओलीला साप बघितल्यासारखा भितो. प्रत्येक कार्यक्रमाआधी आई जुने कागद पेटवून डफ शेकून द्यायची, ते आम्ही लहानपणापासून बघितलेलं.

म्हाताऱ्या बाईने बाबांकडे बघितलं, खळखळून हसली आणि कातड्यावर तळहात मारला. असा घुमला तो आवाज, की पोटात जाणवला.

"आयला," बाबा पुटपुटले आणि हळूच खाली बसले.

मग गाणी सुरू झाली. एक बाई ओळ टाकायची, बाकीच्या टाळ्या वाजवत शेवटचा सूर धरायच्या. तिसऱ्या गाण्यात तसा सूर उचलला गेला आणि माझ्या शेजारूनही आवाज आला. बाबा झील धरत होते! पहिल्यांदा थरथरली, जरा खालीच राहिली. पुढच्या ओळीला बरोबर जाऊन मिळाली. मी समोरच बघत राहिले. त्यांच्याकडे बघितलं असतं तर तिथेच रडले असते.

कार्यक्रम संपल्यावर बाबा माफी मागायला निघाले. फेटेवाल्यांतल्या एकाला जर्मन येत होतं. मी पुढे होणार, तर लेक माझ्या आधी जाऊन उभी. आजोबा मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये सांगायची, तो त्यांच्या भाषेत बाईंना. तिकडून उत्तर आलं, की आमच्याकडचं ऊन कातडं इतकं सुकवतं की आवाज फुटतो, म्हणून पाणी. आणि हे धान्य कांडायचंच भांडं. गाणं झालं की कातडं काढायचं आणि परत कांडायला घ्यायचं.

"बघ! उखळच ना?" बाबा म्हणाले.

"गेनाऊ, उखळ," लेक म्हणाली. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर.

मग बाईंनी विचारलं, घरीसुद्धा तुम्ही असाच मागून सूर धरता का? बाबा म्हणाले, "नाही. ते माझी बायको करायची." लेकीने ते अगदी हळू आवाजात सांगितलं. बाईंनी बाबांचा हात धरून त्या ओल्या कातड्यावर ठेवला.

ट्रामच्या थांब्यावर बाबा एकदम म्हणाले, "लई अवघड असतं गं ते. दुसऱ्याचा दम आपण सांभाळायचा. चाळीस वर्षं ती करत होती आणि मी म्हणायचो, तुझं काय, नुसतं मागे आ करायचं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. मीही रडले. मग त्यांनी फोन मागितला. मी घाईघाईने भावाला लावून दिला. मनात म्हटलं, सुटलो एकदाचे, डफ राहिला घरात.

"उद्या ती मुलगी आली की डफ दे तिला," बाबा म्हणाले. माझा चेहराच पडला.

"आणि तिला विचार, झील धरायला म्हातारा चालेल का. पुढच्या महिन्यात येतोय म्हणावं."