हसायचं नाही असं ठरलं होतं

लव्हडे ट्रेम्बथ सतरा वर्षांची असताना इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्थमॉर्वन गावात सिनेमावाले आले. गोष्ट अशी, की गावचा नगराध्यक्ष कर चुकवायला मेल्याचं सोंग घेतो, आणि अंत्ययात्रेत त्याची शवपेटी खांदेकऱ्यांच्या हातून निसटून चॅपलच्या उतारावरून बंदराकडे घसरत सुटते. लव्हडे बेकरीत कामाला होती. तिला गरम बनांचा ट्रे देऊन दारात उभं केलं. पेटी समोर येते, झाकण वर होतं, आतून एक हात निघतो आणि अलगद बन उचलतो. लव्हडे किंचाळत नाही. शांतपणे म्हणते, "जपून हं साहेब, गरम आहेत."

एवढंच. पण त्यावर इंग्लंडभर लोक लोळून हसले, आणि पोरीला जन्माचं वाक्य चिकटलं. लग्नात नवऱ्याने अंगठी चढवताना तेच म्हटलं. सुईणीने बाळ हातात दिलं तेही "जपून हं, गरम आहे" म्हणूनच. पुढे नवरा वारला, तेव्हा मात्र कुणी काही म्हणालं नाही, तर हिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्याच सिनेमात पेटीमागे पळणाऱ्यांत हेडली पॅस्कोही होता. पडद्यावर त्याची फक्त मान दिसते. पुढे तो शाळेत मास्तर झाला, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, आणि दर उन्हाळ्यात चॅपलच्या हॉलमध्ये तो सिनेमा दाखवू लागला. आम्ही सगळे जायचो. मास्तर पहिल्या रांगेत बसून संवाद पुटपुटायचे. कुणी चुकीच्या जागी हसलं, तर मागे वळून बघायचे.

आणि एक दिवस बातमी आली, की अमेरिकेने आपला सिनेमा नव्याने काढलाय.

माझ्या केस कापायच्या दुकानात मास्तर अर्धी दाढी झालेली असतानाच उठून उभे राहिले. "वाळवंटात! चॅपल नाही, बंदर नाही. नगराध्यक्षाचा जुगारअड्डेवाला केलाय!"

"आणि माझं काय केलंय?" लव्हडेबाईंनी दारातूनच विचारलं.

"तुमच्या जागी एक ढेरपोट्या पोलीस आहे."

"अगंबाई! पोलीस?"

ठरलं. सगळ्यांनी बस करून शहरात जायचं, सिनेमा बघायचा, मग शिव्या घालायच्या. न बघता शिव्या घालणं आपल्यात बसत नाही. मास्तरांची अट एकच, कुणी हसायचं नाही. लव्हडेबाई काळी टोपी घालून आल्या. आम्ही मयताला बसावं तसे ओळीने बसलो.

सुरुवातीला सोपं गेलं. पेटी ट्रकवरून पडली, आम्ही गप्प. लग्नाच्या मांडवात शिरली, वधूला घेऊन पुढे गेली, आम्ही दात आवळून गप्प. मग तो पोलीस आला. गाडीच्या टपावर डोनटचं खोकं ठेवून उभा. पेटीतून हात आला, डोनट घेतला. पोलीस मान न वळवता म्हणाला, "जपून हं, गरम आहेत." आणि पेटीने त्याची गाडीच पळवली.

आमच्या रांगेच्या मध्यातून उचकीसारखा आवाज आला. मग दुसरा. खुर्च्या हलायला लागल्या. लव्हडेबाईंची टोपी पुढच्या माणसाच्या मांडीवर पडली होती आणि बाई गदगदत होत्या.

"बाई, शोभतं का हे?" मास्तर उठून कुजबुजले.

"अहो, त्याचं पोट बघा ना!" एवढंच बोलू शकल्या. मग आमची आख्खी रांग फुटली. मी इतका हसलो, की बरगड्या दुखल्या. मास्तर तेवढे दगडासारखे.

परतताना ते ड्रायव्हरशेजारी बसले. दुसऱ्या दिवसापासून बाईंशी बोलणं बंद. उन्हाळ्याच्या खेळाला दरवर्षी पाहुण्या बाईच असायच्या, तिथेही त्यांनी दुसऱ्याच कुणाला बोलावलं. बाईंना लागलं, पण बाई खमक्या. म्हणाल्या, "पोलिसाला परत बघून येते," आणि भरदुपारी एकट्याच शहरात गेल्या.

सिनेमागृह जवळजवळ रिकामं होतं. वधू पेटीवर बसली, तेव्हा मागच्या रांगेतून किटली शिट्टी मारते तसा आवाज आला. बाईंनी वळून पाहिलं. नाकापर्यंत टोपी ओढलेले पॅस्को मास्तर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मास्तर!"

"मी... मी चुका शोधायला आलोय."

"कितव्यांदा?"

मास्तरांनी टोपी काढून तिनेच डोळे पुसले. "मोजलं नाही."

बाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मास्तर हळूच म्हणाले, "लव्हडे, आपल्या सिनेमात पुढे काय येणार हे मला इतकं पाठ झालंय, की मी कित्येक वर्षांत त्याला हसलेलोच नाही. इथे पुढे काय होईल ते कळतच नाही गं."

"मग सांगायचंत की! एवढ्या लोकांना कशाला कोंडून ठेवलंत?"

"मान म्हणून काही आहे की नाही मला?"

"तेवढीच तर दिसते तुमची!" बाई म्हणाल्या, आणि दोघं इतकी हसली, की बॅटरीवाला माणूस येऊन दटावून गेला.

त्या उन्हाळ्यात मास्तरांनी हॉलमध्ये दोन्ही सिनेमे पाठोपाठ दाखवले. चॅपलच्या पंचांपैकी एकाने रागाने राजीनामा दिला आणि नवा सिनेमा संपेपर्यंत तिथेच बसून राहिला. जुना चालू असताना बाई मास्तरांना कोपराने ढोसत होत्या आणि मास्तर चुकीच्या जागी हसत होते.

हेमंतात दोघांनी लग्न केलं. बाईंची लेक म्हणाली, "आई, या वयात?" त्यावर बाई म्हणाल्या, "मग कुठल्या वयात? मागच्या वयात विचारलं नाही ना त्यांनी!"

लग्नानंतर दोघं अमेरिकेला फिरून आली. वाळवंटातल्या कुठल्याशा खानावळीत मास्तरांनी चहा मागितला, तर समोर बर्फ घातलेल्या गार चहाचा उंच पेला आला. मास्तर त्यावर अर्धा तास बोलतील म्हणून बाई सावरून बसल्या. मास्तरांनी घोट घेतला, थांबले, पेला रिकामा केला आणि आणखी एक मागवला.

आता घरी आलेल्या पाहुण्यालाही ते तोच बर्फाचा चहा देतात. सिनेमाचं गावाने कधीच पोटात घातलं. या चहाला मात्र अजून माफी नाही.