टाकीभर सांडपाणी आणि एक लिंब

माणसाची संस्कृती देवळांवरून किंवा किल्ल्यांवरून नव्हे, तर तो आपलं सांडपाणी कुठे सोडतो यावरून ओळखावी. हे वाक्य एका समारंभात एका मान्यवरांनी उच्चारलं आणि त्याला टाळ्या मिळाल्या. भाषण मी लिहून दिलं होतं, आदल्या दिवशी, घाईत. माझं स्वतःचं सांडपाणी कुठे जाणार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

समारंभ एका गाडीच्या उद्घाटनाचा होता. ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. एका जुन्या बसची बाकं काढून आत आरोग्याचं फिरतं प्रदर्शन मांडलं होतं. पुढच्या भागात माश्यांचे आणि जंतूंचे तक्ते, काचेच्या पेटीत शोषखड्ड्याची प्रतिकृती. पडद्यामागे एक फळी झोपायला, एक स्टोव्ह आणि तोटी बसवलेलं एक बेसिन. टपावर चांगल्या पाण्याची टाकी, गाडीच्या पोटाखाली वाईट पाण्याची. फीत कापून झाल्यावर नारळ फुटला. त्याचं पाणी मान्यवरांच्या चपलांवर सांडू नये म्हणून कोणीतरी ते बेसिनमध्ये धरलं. गाडीचं पहिलं सांडपाणी ते.

खालची टाकी भरल्यावर रिकामी कुठे करायची, हे कोणी विचारलं नाही. फायलीत एक ओळ होती: 'सांडपाण्याची योग्य ती विल्हेवाट लावावी.' 'योग्य ती' हे शब्द कार्यालयात फार उपयोगी पडतात. काय करायचं हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसलं की ते येतात.

मी त्या गाडीवरचा निदर्शक, म्हणजे तक्ते समजावून सांगणारा. भोकरदन तालुक्यात एकेका गावी आठ-आठ दिवस मुक्काम असे. ड्रायव्हर भोकरदनचाच, तो संध्याकाळच्या एसटीनं घरी जाई. रविवारची सुटी सोडली तर गाडीची राखण माझ्याकडे. पहिल्या दिवशी सगळं गाव येऊन माशीचा मोठा केलेला पाय बघून जाई, दुसऱ्या दिवशी शाळा येई, तिसऱ्या दिवसापासून शोषखड्डा आणि मी असे दोघेच उरत असू. जालन्याच्या माझ्या खोलीत एक घड्याळ होतं. तेही आठवड्यातून एकदा चावी दिली तरच चाले.

त्या उन्हाळ्यात धावड्याच्या अलीकडे एका वस्तीवर मुक्काम पडला. दहा-बारा घरं. मूळची मेंढरांमागे फिरणारी माणसं, आता थोडी शेती, थोड्या शेळ्या, थोडी मजुरी. गाडी रस्त्याच्या कडेला, कोरड्या ओढ्याच्या काठावर उभी केली. तिसऱ्या दिवशी खालची टाकी भरली आणि आदल्या दिवशीच्या वरणातले दाणे बेसिनमध्ये परत वर आले. मी टाकीला रबरी नळी लावून ती ओढ्यात सोडली आणि तोटी उघडली. वाळूनं सगळं पाणी दोन मिनिटांत पिऊन टाकलं. मला समाधान वाटलं. डायरीत मी 'योग्य ती विल्हेवाट लावली' असं लिहिलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या घरातली बाई रिकामा हंडा घेऊन गाडीपुढे उभी राहिली. पन्नाशीची असेल. नवरा नव्हता, दोन्ही मुलगे आणि एक सून शहरात कामाला होते.

"साहेब, काल वढ्यात पाणी तुमीच सोडलं का?"

"हो. ओढा कोरडाच आहे ना."

"वरून कोरडाय. खालच्या अंगाला झिरा हाय आमचा." वाळूत हातभर खड्डा उकरून त्यात पाझरलेलं पाणी वाटीनं भरायचं, तो झिरा. अख्खी वस्ती त्यावर होती. "तुमी वर भांडे धुता, आन आमी खाली पेतो. बराबर हाय का हे?"

माझ्या डोक्यामागे 'पिण्याच्या पाण्याजवळ घाण करू नका' हा तक्ता टांगलेला होता. तिला वाचता येत नव्हतं, ही त्या सकाळची एकमेव सोय.

आता काय करता येईल, असं मी विचारलं.

"करायचं काय? तुमचं पाणी उतरलंय तिथलं सोडायचं आन नवा झिरा धरायचा. वरच्या अंगाला."

मी पाटी घेऊन गेलो. नवा झिरा उकरायला आम्हाला दुपार झाली. वाळू ढासळायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. शेजारची एक बाई बघत उभी होती. ती म्हणाली, "साहेबाला काचंतला खड्डा येतो. खरा न्हाई येत."

"हसू नको," पहिली म्हणाली. "शिकून राह्यलेत ते."

परत येताना मी विचारलं, "मावशी, मग मी ते पाणी टाकू कुठे?"

"टाकता कशाला? मह्या लिंबाला घाला."

तिच्या दारापुढे, रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात कमरेएवढं कडुलिंबाचं रोप होतं. पूर्वी तिथे मोठं झाड होतं, ते रस्ता रुंद करताना गेलं. तेव्हापासून तिला आणि तिच्या पाच शेळ्यांना दुपारी बसायला सावली नव्हती. त्यानंतर तिनं लावलेली दोन रोपं दोन उन्हाळ्यांत वाळली. झिऱ्याचं पाणी माणसांना पुरत नव्हतं, ते झाडाला घालायची तिची हिंमत नव्हती. हे तिसरं. "येवढा उन्हाळा काढला की मंग त्याचं ते बघतं," ती म्हणाली. "आन हे बी गेलं तर मी न्हाई लावायची आता."

तिच्या अटी होत्या. कपड्यांच्या पावडरीचं पाणी बिलकुल नाही. आधीच्या एका रोपाला सुनेनं ते घातलं आणि ते आठ दिवसांत पिवळं पडलं. मी कपडे जालन्याला नेऊ लागलो, भांडी राखेनं घासू लागलो. तेलकट पाणी वेगळं काढून दूर मुरमात जिरवायचं. बाकीचं फडक्यातून गाळायचं, म्हणजे शितं मुळाशी कुजत नाहीत. बुंध्यावर ओतायचं नाही, हातभर लांब गोल आळं करून त्यात, रोज वेगळ्या बाजूला, आणि वर कोरडी माती लोटायची, म्हणजे माश्या बसत नाहीत. माझ्या तक्त्यांवर यातलं काहीही नव्हतं.

आठ दिवसांनी गाडी हसनाबादकडे हलली. पाण्याचं काय, असं तिनं विचारलं नाही. मी मात्र तोटी उघडायच्या वेळी दरवेळी हात आखडता घेऊ लागलो. घट्ट झाकणाचे दोन डबे मिळवले आणि टाकीतलं पाणी त्यांत भरून ठेवायला लागलो. त्या बाजूला फेरी निघाली की गाडी दोन मिनिटं तिच्या दारापुढे थांबे.

"साहेब, लोकं डिझेल वाचवतेत," ड्रायव्हर म्हणाला, "तुमी घाण पाणी वाचवून राह्यले. वर सांगितलं तर बदली करतील तुमची."

"कुठे करतील?"

त्यानं विचार केला. "ह्याच्या फुडं जागाच न्हाई," असं कबूल केलं.

सांडपाणी दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, त्याचा वास सुटतो. म्हणून रविवारी, गाडी उभी असताना, मी एसटीनं एक डबा घेऊन जाऊ लागलो. डब्यात काय आहे असं कंडक्टरनं विचारलं.

"पाणी."

"तिकडं न्हाई म्हणून नेता का? लई पुण्याचं काम हाय," तो म्हणाला आणि डब्याला स्वतःच्या बाकाजवळ जागा करून दिली. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

तिकडे पोचल्यावर फारसं बोलणं होत नसे. मी आळ्यात पाणी सोडायचो, ती शेळ्यांकडे बघत उभी असायची, मग अर्धा कप चहा. पाणी कमी म्हणून अर्धा. एका रविवारी मला जमलं नाही. पुढच्या वेळी ती म्हणाली, "मागल्या रविवारी आल्ते न्हाई तुमी. वाट बघत व्हतं."

"कोण, झाड?"

"मंग काय, मी?" ती म्हणाली. त्या दिवशी कप भरलेला होता, आणि तिनं मला साहेब न म्हणता भाऊ म्हटलं.

मी हे झाडासाठी करत नव्हतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं. त्या सबंध तालुक्यात माझ्याकडच्या एखाद्या वस्तूवाचून कोणाचं तरी अडतं असं ते एकच ठिकाण होतं. ती वस्तू खरकटं पाणी होती, त्याला माझा इलाज नव्हता.

रोप उन्हाळा काढून गेलं. पुढच्या वर्षी फिरत्या प्रदर्शनाची योजना बंद झाली, गाडी एका आवारात चारही टायर खाली बसेपर्यंत उभी राहिली, आणि माझी बदली एका टेबलावर झाली. रविवार पुन्हा घड्याळाला चावी द्यायला मोकळे झाले.

दोन हजार साल उलटल्यावर एकदा त्या रस्त्यानं जाताना मी वस्तीवर उतरलो. लिंब कवेत मावत नव्हता. सावली रस्त्याच्या पलीकडे पोचली होती आणि शेळ्या पाचाच्या आठ झाल्या होत्या. ती खाली बसलेली होती, पार म्हातारी. "डब्यावाले भाऊ," ती म्हणाली. मी बुंध्याला हात लावून उभा राहिलो. माझ्या मनात एक वाक्य जुळत होतं. बहुधा संस्कृतीवरच असावं.

"हे ऐका," ती म्हणाली. "गेल्या साली इथं रस्त्याच्या कडंनं खोदलं. फुडच्या गावाला पाणी नेणारा नळयोजनेचा जुना पाइप निघाला. आमाला त्याचा नळ कवाच न्हाई भेटला. पण त्याचा सांधा गळत व्हता, आन मुळ्या सगळ्या त्याला गुंडाळलेल्या."

"कधीपासून गळत होता?"

"पाइप टाकला तवापासून, म्हणला तो मिस्त्री. रस्ता केला तवाच टाकेल हाय."

मी बुंध्यावरचा हात काढून घेतला. आधीची, वाळून गेलेली दोन रोपं तिनं रस्त्यापासून लांब, घरामागे लावली होती.